मोजणीत एक कमी

फांदी म्हणजे कचरा की झाड, या वादात शहाण्या माणसाने पडू नये. सिस्टर पडल्या.

झालं एवढंच की वाऱ्याने एक फांदी मोडली आणि त्यांच्या फाटकावर आली. त्यांनी ती करवतीने कापली, मोळी बांधली आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीपाशी नेऊन ठेवली. गाडीवाल्याने हात लावला नाही. म्हणाला, फांदी कचऱ्यात घेत नाही, फांदी म्हणजे झाड, आणि झाडांचं खातं वेगळं. सिस्टर नगर कार्यालयात झाडांच्या खात्याकडे गेल्या. तिथल्या कारकुनाने विचारलं, फांदी झाडाला लागलेली आहे का? त्या म्हणाल्या, नाही, पडलीय. मग ती झाड कशी म्हणायची, पडली की कचरा, असं म्हणून त्याने वरचा मजला दाखवला. वरच्या मजल्यावर कचऱ्याचं खातं होतं, त्याने खालचा मजला दाखवला. दोनदा वरखाली झाल्यावर सिस्टरांनी विचारलं की फांदी झाडावरून सुटली आहे पण अजून जमिनीला टेकायची आहे, तेवढ्या वेळात ती कोणाच्या खात्यात असते? कारकुनाने शांतपणे सांगितलं की तसा लेखी अर्ज करा.

दुसरं कोणीही असतं तर घरी येऊन ती मोळी परसात ढकलून गप्प बसलं असतं. पण सिस्टर त्यातल्या नव्हेत. एका मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये चौतीस वर्षं काढलेली बाई. भलेभले सर्जन त्यांच्यापुढे हात पसरून उभे राहायचे आणि त्या देतील ते अवजार मुकाट्याने घ्यायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बारा घरांच्या त्या गल्लीत त्यांना नावाने कोणी हाक मारत नव्हतं. लहानथोर सगळे सिस्टरच म्हणायचे. त्यांचे यजमान नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले, बोलण्यापेक्षा पेन्सिलीला टोक काढणं पसंत करणारे. ते तेवढे ‘अगं’ म्हणायचे, तेही हळूच.

मोळी फाटकाबाहेर राहिली. आणि माणसाचा स्वभाव असा, की एकाने एक मोळी ठेवली म्हणजे बाकीच्यांना तिथे ढिगाची जागा दिसते. कोणी कुंपण छाटलं, कोणी वेल उपटला, कोणी जुनं झुडूप मुळासकट आणून टाकलं. जाताना सगळे सिस्टरांच्या घराकडे बघून सहानुभूतीने मान हलवत. महिन्याभरात ढीग छातीएवढा झाला. जी फांदी दोन्ही खात्यांना दिसत नव्हती तिचा ढीग मात्र दोन्ही खात्यांना एकदम दिसला, आणि गल्लीच्या समितीला नोटीस आली की तीस दिवसांत जागा मोकळी करा, एकतिसाव्या दिवशी कारवाई होईल.

समिती म्हणजे सेक्रेटरी. बाकीचे सभासद चहाला असतात. सेक्रेटरींनी सभा बोलावली आणि प्रश्नाच्या मुळाशी जाऊ या म्हणाले. मुळाशी जायचं म्हणजे काय, तर गल्लीतली पाचही झाडं मुळासकट काढायची. झाडच नसेल तर फांदी येणार कुठून? हे इतकं सरळ होतं की दोन माणसांनी माना डोलावल्या. सेक्रेटरींनी दुसरी गाडी घेतलेली होती आणि ती उभी करायला जागा नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सभेत असं कोणी बोलत नाही.

सिस्टर उभ्या राहिल्या. त्यांचा जीव त्या झाडांत होता, आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी खिडकी नसलेल्या खोलीत काढली होती. आत शिरताना सकाळ आणि बाहेर येताना अंधार. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी सकाळचा चहा त्या झाडांखाली खुर्ची टाकून घेतला, तेव्हा त्या रडल्या होत्या. हे यजमानांना ठाऊक होतं. सभेत त्या एवढंच म्हणाल्या की झाडांना हात लावायचा नाही, ढिगाचं मी बघते. सेक्रेटरींनी विचारलं, कसं बघणार? त्या म्हणाल्या, तीस दिवसांत बघते. मग ठराव लिहिला गेला: मुदतीत ढीग गेला नाही तर झाडं जातील. सिस्टरांनी त्याखाली इतकी ठसठशीत सही केली की कागद फाटला.

चौथ्या दिवशी मशीन आलं. फांद्यांचा भुगा करायचं मशीन. वर पसरट तोंड, पोटात गरगर फिरणारा ड्रम, ड्रमवर दोन पाती, आणि बाजूने भुगा फेकणारी वाकडी नळी. त्या वर्षी नवराबायकोंनी फिरायला जायचं ठरवलं होतं, ते पुढच्या वर्षावर ढकललं गेलं. यजमानांनी सहलीचा नकाशा काढून ठेवला होता. तो त्यांनी गुंडाळून कपाटावर ठेवला आणि मशीनचं खोकं उघडायला कात्री आणली.

खोक्यात पुस्तिका होती, अकरा भाषांत, आणि त्यातली एकही घरात कोणाला येत नव्हती. चित्रं मात्र स्पष्ट होती. एका चित्रात तोंडात हात घातलेला माणूस, त्यावर लाल काट. एकात गळ्यात मफलर, त्यावर काट. एकात मशीनसमोर वाकून उभा असलेला माणूस, त्यावरही काट. सिस्टरांनी ती चित्रं चष्मा लावून दोन दिवस वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्यासारखा विचार करणारं भेटलं होतं.

तिसऱ्या दिवशी फाटकाजवळच्या अंगणाचं ऑपरेशन थिएटर झालं. अंगाला घट्ट शर्ट, केस टोपीत, जाड कापडाचा एप्रन मागे गच्च बांधलेला, हातात अंगठी नाही, गळ्यात काही नाही. मशीनभोवती चुन्याने दहा पावलांचं रिंगण, त्यात चालवणाऱ्याशिवाय कोणी यायचं नाही. फांदी घालताना समोर नाही, बाजूला उभं राहायचं, कारण मशीन फांदी ओढतं तेव्हा मागचं टोक फटकन वळतं आणि माणसाचं तोंड शोधतं. अडकली तर हाताने ढकलायची नाही, लाकडी दांडक्याने. मशीन उघडायचं तर आधी इंजिन बंद, मग चुकून सुरू होऊ नये म्हणून प्लगची टोपी काढून ठेवायची, आणि ड्रम थांबेपर्यंत साठ आकडे मोजायचे.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मोजणी. थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी प्रत्येक कात्री, प्रत्येक चिमटा, प्रत्येक बोळा मोजतात, कारण जे बाहेर नाही ते आत असू शकतं. तोच नियम इथे. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर चौदा वस्तू: मोठा पाना, लहान पाना, षटकोनी टोकाची ॲलन की, ब्रश, तेलाची बुधली, दांडका, दोन चष्मे, कानांवरची दोन झाकणं, हातमोज्यांची जोडी, टॉर्च, चिंधी आणि जादा बोल्टची डबी. यजमानांनी यादी वाचायची, सिस्टरांनी वस्तूला हात लावून आकडा म्हणायचा. चौदा झाल्याशिवाय मशीन सुरू नाही. यजमानांना वाटलं हे एकदाच असेल. ते दररोज होतं, आणि मशीन उघडलं की पुन्हा होतं.

गल्लीला आयतीच करमणूक मिळाली. लोक कुंपणावर कोपर टेकून सल्ले देऊ लागले. त्यात सगळ्यात पुढे शेजारचे इंजिनीअर. यांचा सगळा जन्म संगणकावर गेला, इंजिनाशी नातं फक्त पदवीपुरतं. पण पदवीत तो शब्द आहे म्हटल्यावर माणसाला गप्प बसवत नाही. पहिल्याच दिवशी ओल्या पानांनी मशीन अडकलं, तेव्हा ते उंटावरून शेळ्या हाकत म्हणाले की आतमध्ये एक लाथ घाला, सुटेल. सिस्टरांनी इंजिन बंद केलं, टोपी काढली, साठ मोजले, झाकण उघडलं, ब्रशने पानं काढली, झाकण लावलं, चौदा मोजले. अठरा मिनिटं गेली. इंजिनीअरांनी विचारलं, इस्पितळातही एवढाच वेळ लावायचात का? सिस्टर म्हणाल्या, लावायचो, म्हणून तर पेशंट चालत घरी जायचे.

पुढे मात्र मशीन असं काही चाललं की बघत राहावं. सुकी फांदी, मग ओली, मग सुकी, असं आलटून पालटून घातलं की अडकत नाही, हे सिस्टरांच्या ध्यानात आलं. त्या दिवशी उरलेल्या तासाभरात ढिगाचा चौथा हिस्सा गेला. नळीचं तोंड किंचित चुकलं आणि अर्धा तास भुगा समोरच्या घरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होता. त्या वहिनींकडे सिस्टर स्वतः जाऊन सगळे कपडे झटकून आल्या आणि परत येऊन वहीत आपल्या नावाने लिहिलं: नळीची दिशा न बघणे, चूक माझी. ही वहीसुद्धा थिएटरचीच सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगर कार्यालयाचा माणूस आला. आवाजाची तक्रार होती, निनावी, पण अक्षर सेक्रेटरींचं. परवानगी काढेपर्यंत मशीन बंद. परवानगीच्या अर्जात आवाजाचं कारण विचारलं होतं: लग्न, सभा, बांधकाम, इतर. सिस्टरांनी ‘इतर’वर खूण केली आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. ‘इतर’ला आवाजाचा नमुना जोडावा लागतो. कागदाला आवाज कसा जोडायचा, हे कोणालाच सांगता येईना. दहा दिवस अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. अकराव्या दिवशी सिस्टरांनी कळवलं की उद्या सकाळी साडेदहाला मी मशीनच कार्यालयात आणते, तुमच्या टेबलापाशी चालवून दाखवते, फक्त दहा पावलांचं रिंगण आखायला जागा मोकळी ठेवा. परवानगी त्याच दिवशी दुपारी घरपोच आली.

एवढ्यावर भागलं असतं, पण सिस्टर डोळे तपासायला गेल्या. यजमानांना ‘नाही’ म्हणता येत नाही, हा त्यांचा जुना आजार, त्यावर औषध नाही. इंजिनीअर आले, म्हणाले, पाच मिनिटं मशीन बघतो, आणि त्यांनी घरची जुनी फळी मशीनच्या तोंडात घातली. फळीत खिळा होता. आतून असा काही आवाज आला की इंजिनीअर आवाजाच्या पुढे पळाले. सिस्टर परत आल्या, त्यांनी झाकण उघडून पाती पाहिली. दोन्ही पात्यांचे दात पडले होते. वही आणली, लिहिलं आणि यजमानांपुढे पेन ठेवलं. यजमानांनी सही केली. त्या दिवशी दोघांचं जेवण झालं, पण बोलणं झालं नाही.

पात्यांना धार लावणाऱ्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. तो रोज ‘उद्या’ म्हणायचा आणि इतक्या प्रेमाने म्हणायचा की भांडता येत नसे. पाती हातात पडली ती तिसाव्या दिवशी, दुपारी दोन वाजता. ढीग अजून कंबरेएवढा. आणि तीन वाजता नगर कार्यालयाचे साहेब पाहणीला येणार होते. कार्यालय पाचला बंद होतं, म्हणजे मुदतही पाचलाच संपणार. ढीग उरला तर उद्या झाडं.

साहेब अगदी वेळेवर आले. बरोबर सेक्रेटरी, त्यांच्या मागे इंजिनीअर, आणि कुंपणावर अख्खी गल्ली. साहेबांच्या गळ्यात ओळखपत्राची पट्टी लोंबत होती. सिस्टरांनी पात्यांचे बोल्ट आवळता आवळता मान वर केली आणि सांगितलं की गळ्यातलं काढा नाहीतर रिंगणाबाहेर बसा. साहेबांना असं कोणी सांगितलं नव्हतं. ते बाहेर बसले. मग त्यांनी एक फॉर्म पुढे केला, पाहणी सुरू झाल्याची सही हवी. सिस्टरांनी काम अर्धवट ठेवून सही केली. त्यांनी दुसरा फॉर्म काढला, पहिला फॉर्म मिळाल्याची सही हवी. तीही केली. मग उरलेले बोल्ट मोठ्या पान्याने आवळले, झाकण बसवलं आणि यजमानांकडे बघितलं. यजमानांनी यादी वाचायला घेतली.

तेरा भरले.

पुन्हा वाचली. पुन्हा तेरा. लहान पाना नव्हता.

सिस्टरांनी हातमोजे काढून ठेवले आणि जाहीर केलं की मशीन सुरू होणार नाही. साडेतीन वाजले होते. कुंपणावर हलकल्लोळ झाला. एका पान्यासाठी? पाच वाजता मुदत संपतेय आणि एका पान्यासाठी? साहेबांनी घड्याळ पाहिलं. सेक्रेटरींचा चेहरा मात्र खुलला. ते म्हणाले, बिचाऱ्या सिस्टरांना मदत केली पाहिजे, आणि इंजिनीअरांना घरून तसाच लहान पाना आणायला पिटाळलं. इंजिनीअर धावत गेले, धावत आले आणि फडक्यावर पाना ठेवला. झाले चौदा.

“हा चौदावा नाही,” सिस्टर म्हणाल्या, “हा पंधरावा. चौदावा अजून हरवलेलाच आहे.”

“बरोबर आहे,” यजमान म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चारचौघांत मत दिलं, त्यामुळे सगळे त्यांच्याकडे बघायला लागले आणि ते यादीत तोंड घालून बसले.

मग शोधाशोध. प्लगची टोपी काढली, साठ मोजले, झाकण उघडलं, टॉर्च मारला, दांडक्याने ड्रम हळूहळू पूर्ण फिरवून पाहिला. आत काही नाही. इंजिनीअर म्हणाले, पाहिलंत, आत नाही, आता करा सुरू. पण सिस्टरांचं म्हणणं, आत नाही म्हणजे बाहेर कुठेतरी आहे, आणि बाहेर म्हणजे फांद्यांच्या ढिगातही असेल. तो फांदीबरोबर आत गेला तर परत नळीतूनच येईल, आणि नळीचं तोंड तुमच्याकडे आहे. हे ऐकल्यावर कुंपणावरची माणसं दोन पावलं मागे सरली. नंतर काय झालं कोण जाणे, समोरच्या वहिनी कुंपण सोडून फाटकाबाहेरच्या ढिगापाशी गेल्या आणि त्यातली एक एक फांदी झटकून बाजूला ठेवायला लागल्या. त्यांच्या मागून दुसरे आले. ज्यांनी ढीग केला होता त्यांनीच तो फांदी फांदी उचलून पलीकडे रचला. पाना मिळाला नाही. सव्वाचार वाजले.

उरले खिसे. सिस्टरांनी सांगितलं की तीनपासून जो जो टेबलाजवळ आला त्याने खिसे रिकामे करावेत. इंजिनीअरांनी केले, आतून किल्ल्या आणि एक गोळी. साहेब कुरकुरले, पण त्यांनीही केले. वेगवेगळ्या कार्यालयांची सात पेनं निघाली आणि ते जरा लाजले. सेक्रेटरी मात्र उसळले. माझ्यावर चोरीचा आळ? वीस वर्षं समिती चालवतोय मी. सिस्टर म्हणाल्या, चोरीचं कोण बोलतंय, मी मोजतेय. सगळी गल्ली बघतेय म्हटल्यावर सेक्रेटरींनी रागारागाने खिसा उलटा केला. पाना नव्हता. घडी केलेला एक कागद पडला. यजमानांनी तो उचलून दिला असता, पण नकाशा दिसला की त्यांचे डोळे आपोआप वाचतात. गल्लीचा नकाशा होता तो. पाच झाडांच्या जागी पाच चौकोन, प्रत्येकात गाडी, आणि पहिल्या दोन गाड्यांवर सेक्रेटरींचा घरक्रमांक. यजमानांनी कागद साहेबांकडे दिला. सोबत एवढंच म्हणाले की प्रमाण चुकलंय, पाच गाड्या बसणार नाहीत.

गल्लीत कुजबुज सुरू झाली. सेक्रेटरी लाल झाले. आणि त्या गलक्यात यजमान सिस्टरांच्या जवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, “अगं, तू राहिलीस.”

सिस्टरांचा हात एप्रनवरून खाली गेला. मांडीपाशी एक लांबट खिसा होता, आणि त्यात काहीतरी कडक लागलं. पहिला फॉर्म पुढे आला तेव्हा सही करायला हात मोकळा हवा म्हणून सरकवलेला. कोणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष नकाशाकडे होतं. दोन पावलं गवतात जायचं, हात खाली सोडायचा आणि ‘सापडला’ म्हणायचं, बस. झाडं वाचली असती, मशीन राहिलं असतं, आणि चौतीस वर्षांची अब्रूही. आता जर खरं सांगितलं तर उद्यापासून ही बाई विसरभोळी, हिच्या हातात मशीन देऊ नका, आणि मशीन गेलं की झाडं गेलीच. हे सगळं एका क्षणात त्यांच्या डोक्यातून गेलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला की गेलं तरी कसं.

त्यांनी पाना काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

“माझ्या खिशात होता.”

मग सेक्रेटरींना कंठ फुटला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते म्हणाले. सत्तरीला टेकलेली बाई, सगळ्या गल्लीचे खिसे तपासले, साहेबांचे तपासले, आणि पाना स्वतःच्याच एप्रनमध्ये. साहेब, तुम्हीच सांगा, जिला खिशातलं आठवत नाही तिच्या हाती असलं मशीन द्यायचं का? काहीजणांना हे पटलं, तसं दिसत होतं. इंजिनीअर तर हसलेच.

सिस्टरांचे कान तापले होते, पण मान ताठ.

“नाही आठवलं मला,” त्या म्हणाल्या. “आठवणीवर भरवसा असता तर मोजलं कशाला असतं?”

साहेबांनी मान खाली घालून आपली सात पेनं एक एक करून मोजली आणि खिशात ठेवली. सिस्टरांनी लहान पाना फडक्यावर त्याच्या जागी ठेवला, इंजिनीअरांचा पाना इंजिनीअरांच्या हातात दिला, झाकण बसवलं आणि यजमानांना म्हणाल्या, अहो, वाचा, पहिल्यापासून. पुन्हा? आता तर सापडला, कुंपणावरून कोणीतरी म्हणालं. साहेबांनी आठवण करून दिली की आमचं पाचला बंद होतं. सिस्टर म्हणाल्या, तुमचं होत असेल. यजमानांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मोठा पाना. एक, सिस्टर म्हणाल्या. दोनला वहिनींनी आवाज मिसळला. आठपर्यंत निम्मी गल्ली आकडे म्हणत होती, आणि चौदा तर साहेबांनीही म्हटलं, तोंडातल्या तोंडात का होईना. मग सिस्टरांनी वहीत एक ओळ लिहिली, पाना खिशात विसरले, चूक माझी, खाली सही केली आणि मशीनची दोरी ओढली.

फांद्या ओळीने रचलेल्याच होत्या, लोक रिंगणाच्या कडेला आणून ठेवत होते आणि सिस्टर बाजूला उभ्या राहून एक एक घालत होत्या, सुकी, ओली, सुकी. पाच वाजले, साडेपाच झाले. साहेब उठले नाहीत. सहाला पाच कमी असताना शेवटची फांदी गेली आणि जमीन दिसली. साहेबांनी फॉर्मवर लिहिलं की जागा मोकळी आहे, वेळेच्या रकान्यात पाच लिहिलं, आणि सेक्रेटरींना सांगितलं की झाड तोडायला अर्ज लागतो, अर्जात कारण लागतं, आणि कारणाचा तर भुगा झाला. नकाशा त्यांनी सेक्रेटरींना परत केला.

इंजिनीअरांना आता सिस्टरांचा फार पुळका आला होता. त्यांनी तो कागद सेक्रेटरींच्या हातून झटकन काढून घेतला आणि रिंगण ओलांडून थेट मशीनच्या तोंडाकडे नेला. हा पण घाला, सिस्टर, होऊन जाऊ दे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टरांनी लाल दांडी खाली मारली. इंजिन बंद पडलं आणि टाळ्याही थांबल्या.

“फांदीशिवाय यात काही जायचं नाही, चित्रात दिलंय. मागे व्हा,” त्या म्हणाल्या. कागद त्यांच्या हातून घेतला, चालत सेक्रेटरींपाशी गेल्या आणि त्यांच्यापुढे धरला. “याला मशीन कशाला लागतंय? हाताने फाडा.”

सेक्रेटरींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब झाडांकडे बघत होते. सेक्रेटरींनी इंजिनीअरांकडे पाहिलं, कुंपणाकडे पाहिलं. मग त्यांनी कागद फाडला. एकदा उभा, एकदा आडवा.

सिस्टरांनी तळहात पुढे केला आणि चारही तुकडे मोजून घेतले.